कारखान्याच्या पोटातून आलेले संगीत

शुक्रवार, १३ फेब्रुवारी १९७० रोजी इंग्लंडमध्ये 'ब्लॅक सॅबथ' या नावाची एक तबकडी प्रसिद्ध झाली. वादकांच्या चमूचे नाव तेच आणि तबकडीवरील पहिल्या गीताचे नावही तेच. पाश्चात्त्य संगीतात पुढे 'हेवी मेटल' या नावाने जो संप्रदाय रूढ झाला, त्याचा उगम बहुतेक जाणकार याच तबकडीत शोधतात. या संप्रदायाचे नाव काढताच सुशिक्षित माणसाच्या कपाळाला आठी पडते. काळे कपडे, कर्कश वाद्ये आणि आरडाओरडा एवढेच चित्र त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते. अर्धशतक उलटून गेल्यावर ही तबकडी पुन्हा लक्ष देऊन ऐकली असता मात्र हा ग्रह किती उतावीळपणाचा होता, याची जाणीव झाल्यावाचून राहत नाही.

या संगीताचे मूळ बर्मिंगहॅममध्ये आहे. धातुकामावर आणि मोटारींच्या धंद्यावर पोसलेले आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मन बाँबफेकीने होरपळलेले हे शहर. त्याच्या ॲस्टन या कामकरी वस्तीत चौघेही लहानाचे मोठे झाले. गायक ओझी ऑझबर्न याने कत्तलखान्यात काम केले होते, तसेच कारखान्यात मोटारींचे भोंगे तपासण्याचेही. बास गिटार वाजविणारा आणि बहुतेक गीते लिहिणारा गीझर बटलर हिशेबनीसाचे काम शिकत होता. ड्रमवर बिल वॉर्ड आणि गिटारवर टोनी आयोमी. संगीताच्या शाळेची पायरी यांपैकी कोणी चढलेला नव्हता. यंत्रांची अखंड धडधड हाच त्यांच्या कानांवरचा पहिला संस्कार.

आयोमीची कथा तर विलक्षणच म्हटली पाहिजे. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यातील नोकरी सोडून तो वादनालाच वाहून घेणार होता. नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी गैरहजर कामगाराच्या जागी त्याला एका यंत्रावर बसविण्यात आले आणि त्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची व अनामिकेची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने गिटारच्या तारा दाबणारा हात नेमका तोच होता. डॉक्टरांनी आशा सोडण्यास सांगितले. त्या वेळी कारखान्याच्या व्यवस्थापकाने त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची तबकडी ऐकविली. १९२८ मधील आगीत डाव्या हाताची दोन बोटे निकामी होऊनही राइनहार्टने युरोपभर नाव मिळविले होते. आयोमीने मग प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे तयार केली, त्यांवर चामडे चिकटविले आणि हलक्या तारा लावून पुन्हा सराव आरंभिला. जखमी बोटांना सोपे जावे म्हणून दोन-दोन स्वर एकत्र छेडून भरदार नाद काढण्याची रीत त्याने अंगी बाणविली. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' या तबकडीत तर त्याने ताराच उतरवून घेतल्या आणि नाद आणखी खर्जाला गेला. एका कामगाराच्या दुखापतीतून एका संगीतप्रकाराचा नादच घडला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

पहिल्या तबकडीचे ध्वनिमुद्रण ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनच्या रीजंट साउंड या स्टुडिओत एका दिवसात उरकले. मैफलीत वाजवीत त्याप्रमाणेच चौघांनी एकत्र वाजविले. निर्माते रॉजर बेन होते. आरंभी पाऊस, गडगडाट आणि चर्चची घंटा ऐकू येते आणि मग आयोमीची गिटार तीनच स्वरांत भयाचे वातावरण उभे करते. आपल्या परिभाषेत सांगायचे तर षड्ज, त्याचेच वरच्या सप्तकातील रूप आणि तेथून उतरून तीव्र मध्यम. यमनात हाच तीव्र मध्यम पंचमाकडे झेपावतो आणि मनाला शांतवितो. येथे त्याला पंचमाचा आसरा मिळतच नाही. तो अधांतरी राहतो आणि ऐकणाराही. युरोपच्या जुन्या संगीतशास्त्राने या स्वरांतराला सैतानाचे नाव दिले होते, ते उगीच नव्हे.

त्या सैतानाचेच भूत मग या चमूच्या मानगुटीवर बसले. तबकडीच्या वेष्टणात आतल्या बाजूस छापलेला उलटा क्रूस वादकांना न विचारताच घातला गेला होता, तरी सैतानपूजेचा आरोप त्यांच्यावरच आला. वस्तुतः शीर्षकगीताचा नायक भयभीत होऊन देवाचाच धावा करतो आणि वादकांच्या गळ्यातील धातूचे क्रूस तयार केले होते ते ओझीच्या वडिलांनी. ते हत्यारे बनविणारे कारागीर होते. समीक्षकही प्रसन्न नव्हते. अमेरिकेच्या 'रोलिंग स्टोन' नियतकालिकातून लेस्टर बँग्ज यांनी तबकडीची संभावना केली. श्रोत्यांनी मात्र ती ब्रिटनमध्ये आठव्या आणि अमेरिकेत तेविसाव्या क्रमांकावर नेऊन पोहोचविली.

तबकडी निर्दोष आहे असा दावा कोणी करू नये. 'वॉर्निंग' हे दुसऱ्यांकडून घेतलेले गीत दहा मिनिटांहून अधिक ताणले गेले आहे आणि ओझीचा आवाज अजून चाचपडत आहे. तथापि कामकरी वस्तीतील तरुणाला त्या काळी जे वाटत होते, ते सांगण्यास फुलांची आणि प्रेमाची तत्कालीन गाणी अपुरी होती. तो धाक, तो उबग या संगीताने बोलून दाखविला. टीकाकारांनी गोंगाट ऐकला, पण त्यामागचा माणूस त्यांच्या ध्यानी आला नाही.

काळाने हा हिशेब चुकता केला आहे. २०१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या वस्तुसंग्रहालयात या चमूवर प्रदर्शन भरले. २०२३ मध्ये तेथील रॉयल बॅले या नृत्यसंस्थेने त्यांच्या संगीतावर नृत्यनाट्य सादर केले. ५ जुलै २०२५ रोजी हे चौघे ॲस्टनमधील व्हिला पार्क मैदानावर अखेरचे एकत्र आले. ओझीला तेव्हा उभेही राहवत नव्हते. आसनावर बसूनच तो गायला. २२ जुलै रोजी त्याचे निधन झाले आणि त्याची अंत्ययात्रा पाहण्यासाठी शहर रस्त्यांवर लोटले. नव्या पिढीचे संगीत कानांवर पडताच खिडकी लावून घेण्याची सवय प्रत्येक काळातील वडीलधाऱ्यांना असते. ती लावण्यापूर्वी गाणारा कोणत्या वस्तीतून आला आहे एवढे तरी विचारावे, इतकी अपेक्षा ही जुनी तबकडी आजही करीत आहे.