कार्यालयाची समोरची भिंत कोरी का ठेवली?

महोत्सवाच्या निमित्ताने कार्यालयात येणाऱ्या सभासदांस पहिली दिसेल ती दिवाणखान्याची समोरची भिंत, आणि ती दिसेल कोरी. कोरीच नव्हे, तर खरबरीत. कौले परतली, सागाच्या तुळया नीट केल्या, बुजविलेले झरोके उघडले, पावसाचे पाणी अंगणातील जुन्या टाक्यात घेतले. एवढे सारे झाले, मग एक चित्र लावण्यास समितीला सवड झाली नाही काय, असे कित्येकांनी विचारले. एका उदार दात्यांनी तर प्लॅस्टिकवर छापलेले भलेमोठे चित्र स्वखर्चाने महोत्सवापूर्वी डकवून देण्याची तयारी दाखविली होती. त्यांस नकार देणे आम्हांस जड गेले. त्याची कारणे सभासदांपुढे ठेवणे आमचे कर्तव्यच आहे.

आपला वाडा विटांचा आणि चुन्याचा. काही वर्षांपूर्वी या भिंतीला ओल दिसू लागली तेव्हा तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविण्यात आला. हा ठराव आमच्याच कार्यकारिणीचा होता आणि त्यावर सह्या करणाऱ्यांपैकी दोघे आजही समितीत आहेत. विटा जमिनीतील ओल वर ओढतात. चुन्याचा गिलावा ती ओल हवेत सोडून देतो. सिमेंट तिची वाट अडविते. मग ओल आणखी वर चढते, तिच्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यामागे साठतात, आणि ज्याला आपण लोणा म्हणतो तो विटाच खाऊ लागतो. यंदा तो गिलावा खरवडला तेव्हा मागच्या विटांचा बोटाने भुगा होत होता. म्हणून पुन्हा चुना. चुनखडी भाजण्यास सुमारे 900 अंश उष्णता लागते, सिमेंटला सुमारे 1450. शिवाय भाजताना दगडातून जो कर्बवायू निघून जातो, त्यातील बराचसा चुना घट्ट होताना हवेतून परत घेतो. वाडा पाडून नवी इमारत बांधली असती तर या जुन्या विटांसाठी एकदा जाळलेले सरपण वाया जाऊन नवे जाळावे लागले असते. तो हिशेब आम्ही सर्वसाधारण सभेत मांडलाच होता.

आता चित्राविषयी. अशा भिंतीवर प्लॅस्टिकचा पडदा चिकटविणे म्हणजे सिमेंटचीच चूक नव्या रंगात करणे होय. ताज्या चुन्यावर तैलरंग दिले तर चुना तेलाचा साबण करून टाकतो. भिंत अजून पुरती सुकलेलीही नाही. प्लॅस्टिकचा एक तुकडा चारी कडांनी तिच्यावर चिकटवून ठेवला की दुसऱ्या दिवशी आतून दव जमलेले दिसते. ज्याला शंका असेल त्याने स्वतः करून पाहावे!

टिकाऊ मार्ग दोन आहेत. एक, चुन्याचा शेवटचा हात ओला असतानाच त्यावर पाण्यात कालवलेले रंग देणे. चुना घट्ट होताना रंगाला आपल्यात धरून ठेवतो. यात एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा गवंड्याने सकाळी घालावयाचा असतो, आणि गेरू, पिवळी माती, काजळ असे चुन्याला न भिणारेच रंग चालतात. प्रशियन ब्ल्यूसारखा रंग त्यात टिकत नाही. दुसरा मार्ग, सुकलेल्या भिंतीवर खळीत कालवलेले रंग देण्याचा. यांपैकी कोणता घ्यावयाचा हे चित्रकाराने सांगावयाचे. तोवर शेवटचा हात देता येत नाही, म्हणून भिंत खरबरीत आहे.

मग चित्र कशाचे? संस्थापकांच्या तसबिरी काढाव्यात अशी सूचना आली आहे, राज्याभिषेकाचीही आली आहे. या बाबतीत आपल्या बडोद्यातच एक उदाहरण आहे. कीर्तिमंदिर हे गायकवाड घराण्याचे स्मारक. पण नंदलाल बोस यांनी त्याच्या चार भिंतींवर रंगविले ते गंगावतरण, मीराबाईचे जीवन, रवींद्रनाथांची ‘नटीर पूजा’ आणि महाभारताचे युद्ध. हे काम 1939 पासून 1946 पर्यंत टप्प्याटप्प्याने चालले. सयाजीराव महाराज 1939 च्या फेब्रुवारीतच निवर्तले. पूर्ण झालेल्या चार भिंती त्यांनी पाहिल्या नाहीत. तरीही काम आटोपते घेतले गेले नाही. आपण महाराज नव्हे आणि आपली थैलीही तेवढी नव्हे, हे आम्ही जाणतो. तथापि चित्रकारास संस्थेचे जुने अहवाल वाचावयास द्यावे, शिष्यवृत्तीच्या दिवशी दिवाणखान्यात बसवावे आणि विषय त्याच्यावर सोपवावा, असे आमचे मत झाले आहे.

करारनाम्यावर मात्र आम्ही पुष्कळ वेळ घालविला. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सहगल यांचे सुमारे 140 फूट लांब आणि 40 फूट उंच असे कांस्य भित्तिशिल्प होते. सरकारनेच ते करवून घेतले होते. 1957 ते 1962 अशी पाच वर्षे त्यास लागली. 1979 साली इमारतीच्या दुरुस्तीत ते शिल्पकारास न विचारता उतरविले गेले आणि त्याची मोडतोड झाली. सहगल न्यायालयात गेले. 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयाने 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 चा आधार घेऊन अवशेष त्यांस परत करावेत आणि पाच लाख रुपये भरपाई द्यावी असा निकाल दिला. मोल देऊन घेतलेली कृतीही मालकाने हवी तशी मोडावी असे नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणून आमच्या मसुद्यात दुरुस्तीपूर्वी चित्रकारास लेखी कळविण्याचे कलम आहे. तीन चित्रकारांकडून आराखडे मागवावयाचे आणि ज्यांचा आराखडा निवडला जाणार नाही त्यांसही मानधन द्यावयाचे, असेही ठरले आहे. फुकट आराखडे मागण्याची रीत आम्हांस पसंत नाही.

वर उल्लेखिलेल्या दात्यांनी आमचे म्हणणे ऐकून घेतले आणि आपली रक्कम या मानधनासाठी वळविली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. महोत्सवाच्या दिवसांत या भिंतीवर खिळा ठोकू नये, तोरणाची चिकटपट्टी लावू नये, तिला टेकून खुर्च्या रचू नयेत. मांडववाल्यास तशी ताकीद दिली आहे, सभासदांस विनंती.