बोलू द्या की राव!

शुक्रवारी सबमिशन संपलं आणि शनिवारी सकाळी मी पेणला घरी. मस्त झोपायचा बेत होता. पण आमच्या मंडळाने (हो, गणपतीत पावती फाडणारंच!) पोरापोरींसाठी दोन दिवसांचं शिबिर ठेवलेलं. शनिवारी पेण, रविवारी रोहा. विषय - बोलण्याचा हक्क. म्हटलं, आमच्या मंडळाला याची काय गरज? मीटिंगला तर सगळे एकदमच बोलतात!

पण कारण होतं. आमच्यातला एक जण बाहेरगावी डिप्लोमाला आहे. होस्टेलच्या पाण्यात अळ्या निघाल्या, याने फोटो काढून ग्रुपवर टाकला. दुसऱ्याच दिवशी त्याच्याकडून माफीनामा लिहून घेतला. पाणी मात्र तेच. शिबिरात तो मागच्या रांगेत गप्प बसून होता.

शिकवायला एक वकीलकाका होते. त्यांनी आल्याआल्या विचारलं, "नुसतं भाषण केलं म्हणून तुरुंगात गेलेला आपल्या पेण तालुक्यातला माणूस कोण?" सगळे ढिम्म. उत्तर होतं विनोबा भावे! जन्म गागोदे, 1895. आपल्याला भूदान तेवढं माहीत. पण 1940 साली गांधीजींनी जो वैयक्तिक सत्याग्रह काढला, त्यात मागणी होती युद्धाविरुद्ध बोलू देण्याची. पहिले सत्याग्रही विनोबा. 17 ऑक्टोबरला पवनारला ते बोलले आणि काही दिवसांतच आत! (याच विनोबांच्या 'अनुशासनपर्व' या शब्दाचा 1975 च्या आणीबाणीत सरकारने भरपूर उपयोग करून घेतला, आणि त्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गा भागवत आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या. असो.)

आता कायदा. घटनेचं कलम 19(1)(क) आपल्याला बोलण्याचं स्वातंत्र्य देतं आणि 19(2) मर्यादा सांगतं. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, न्यायालयाचा अवमान, गुन्ह्याला चिथावणी वगैरे. मेकॅनिकलवाल्यांनी याला टॉलरन्स समजावं. ते ड्रॉइंगवर आधीच लिहिलेलं असतं, जॉब झाल्यावर ठरवायचं नसतं. आणि 'साहेबांना राग आला' हे त्या यादीत कुठेच नाही!

2012 च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरून अटक झाली. एकीने बंदवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने नुसतं लाइक केलं. अशा प्रकारांमुळे आयटी कायद्याचं 66अ कलम सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 24 मार्च 2015 ला रद्द झालं. 'त्रासदायक' म्हणजे नक्की काय, हे त्या कलमात कुठे धड सांगितलंच नव्हतं. पुढची गोष्ट तर आपल्याच जातकुळीतली. मे 2025 मध्ये पुण्यात इंजिनिअरिंगच्या 19 वर्षांच्या एका मुलीला इन्स्टाग्राम पोस्टवरून अटक झाली, कॉलेजनेही काढून टाकलं. मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला, काढल्याचा आदेश स्थगित केला आणि परीक्षेला बसू दिलं. तिचं म्हणणं ऐकूनच घेतलं नव्हतं, यावर कोर्टाने बोट ठेवलं.

रविवारी दिवा-रोहा गाडीने रोह्याला. तिथे सी. डी. देशमुखांचा विषय निघणारच. मुंबईच्या प्रश्नावर 1956 साली केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं त्यांनी.

जेवणानंतर मागच्या रांगेतून आवाज आला, "मग मी माफी का लिहिली?"

काका लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, हा हक्क मुख्यतः सरकारपुढे चालतो, खासगी कॉलेजपुढे तो चालवणं अवघड. पण शिक्षेआधी ऐकून घ्या, हे कुठेही मागता येतं. शिवाय एआयसीटीईच्या 2019 च्या नियमांनुसार विद्यार्थ्यांसाठी तक्रार निवारण समिती असावी लागते. अर्ज लेखी दे, तारीख टाक, फोटो जोड आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस!

परतीच्या गाडीत आम्ही तो अर्ज तीनदा लिहिला. 'नालायक' हा शब्द खोडला. 'अळ्या' ठेवला.