कॅमेरा घेण्याआधी

‘काका, कोणता कॅमेरा घेऊ?’ हा प्रश्न आष्टीत मला दरवर्षी दिवाळीनंतर ऐकू येतो. सोयाबीनचे पैसे हातात आलेले असतात, लग्नसराई तोंडावर असते आणि गावातच फोटोचा धंदा सुरू करायचा असतो. मी उलट विचारतो, ‘फोटो कशाचे काढणार?’ उत्तर बहुधा मेगापिक्सेलच्या आकड्यात येते.

आता हा आकडाच बघा. चार बाय सहा इंचाचा फोटो उत्तम छापायला दर इंचाला ३०० ठिपके लागतात. म्हणजे १२०० गुणिले १८००, साधारण २२ लाख. दोन मेगापिक्सेलहून थोडे जास्त. बारा बाय अठराच्या मोठ्या फोटोलाही वीस पुरतात. त्यापुढच्या आकड्यासाठी घरचा पैसा मोडावा, असे मला वाटत नाही.

खरी अडचण उजेडाची आहे. हळद, वरात, मांडवातली पंगत सगळे अंधार पडल्यावर चालते. कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी झूम लेन्स लांबचे जवळ आणताना बहुतेक एफ ५.६ पर्यंतच उघडते. ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स तिच्या नऊ-दहा पट उजेड आत घेते, आणि लेन्सांमध्ये ती स्वस्तातली. मात्र लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तीच लेन्स ७५ मिलिमीटरसारखी वागते. आपल्याकडच्या माजघरात पाठ भिंतीला लागते, तरी नवरीसोबत करवल्या मावत नाहीत! तिथे ३५ किंवा त्याहून रुंद लेन्स हवी. म्हणून मी सांगतो, बॉडी एखाद्या पिढीमागची चालेल, लेन्स कामाची घ्या.

कर्जाची जोखीम दादासाहेब फाळक्यांनीही उचलली होती. विम्याच्या पॉलिसीवर पैसे उभे करून ते १९१२ मध्ये लंडनला गेले आणि हाताने फिरवायचा विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पण ते आधीपासून छायाचित्रकार होते. यंत्राकडून काय करून घ्यायचे ते त्यांना ठाऊक होते. वाटाण्याचे रोप कसे वाढते, हे त्यांनी एकेक चौकट टिपून पडद्यावर दाखवले. ते पाहून भांडवल देणारा मिळाला आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला.

घरातली मुले, बैलपोळा, शेताचे नुकसान एवढेच टिपायचे असेल, तर खिशातला मोबाइल पुरे. पूर्वी हे काम आगफा क्लिक थ्री करायचा. एका रोलवर बारा फोटो, फोकस लावायची भानगड नाही. दुपारच्या उन्हात तो कुणाला नडला नाही.

धंदाच करायचा असेल, तर मनात भरलेला कॅमेरा आधी एका लग्नापुरता भाड्याने आणा. दिवसभर गळ्यात वागवा. अंधारात न बघता बटणे सापडतात का, बॅटरी विदाईपर्यंत टिकते का, हे पाहा. जुना घेत असाल, तर शटर किती वेळा पडले आहे तो आकडा विकणाऱ्याकडून मागून घ्या आणि दुसऱ्या बॅटरीचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा.