यंत्राचा थांबा आणि धंद्याचा नफा
एका विमान कंपनीच्या कारभारापासून घेण्याजोगा धडा

गोठ्यात बांधलेल्या बैलाला काम नसले तरी वैरण घालावीच लागते. यंत्राचेही तसेच आहे. ते चालो वा उभे राहो, कर्जाचा हप्ता, चालकाचा पगार आणि विम्याचा खर्च थांबत नाही. कमाई मात्र ते चालते तेव्हाच होते. ही गोष्ट विमानाच्या धंद्यात फार स्पष्ट दिसून येते, कारण विमानाची किंमत मोठी असते आणि जमिनीवर उभे असलेले विमान एक पैही मिळवीत नाही. अमेरिकेतील साउथवेस्ट या विमान कंपनीचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

चारांपैकी एक विमान विकले

ही कंपनी टेक्सास राज्यात १८ जून १९७१ रोजी सुरू झाली. डॅलस, ह्यूस्टन व सॅन अँटोनिओ या तीन शहरांमध्ये तिची विमाने ये-जा करीत. आधीच्या कंपन्यांनी तिला कोर्टकचेरीत अनेक वर्षे गुंतवून ठेवल्यामुळे तिच्या गाठीस पैसा थोडा होता. १९७२ साली अशी वेळ आली की, आपल्या चार विमानांपैकी एक विकल्यावाचून गत्यंतर उरले नाही. विमान गेले म्हणजे फेऱ्या कमी होणार, फेऱ्या कमी झाल्या म्हणजे उत्पन्न घटणार आणि माणसांच्या नोकऱ्याही जाणार, हे उघड होते.

कंपनीने वेगळा मार्ग धरला. चार विमानांचे वेळापत्रक तीन विमानांवर चालवावयाचे तिने ठरविले. त्यासाठी विमान उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंतचा थांबा १० मिनिटांवर आणणे आवश्यक होते.

थांब्याचा हिशेब

हे कसे शक्य होते, ते एका साध्या उदाहरणाने समजेल. समजा, एका उड्डाणास ५० मिनिटे लागतात आणि थांबा ४० मिनिटांचा आहे. म्हणजे एका फेरीस ९० मिनिटे लागली. १२ तासांच्या दिवसात एका विमानाच्या ८ फेऱ्या होतील व चार विमानांच्या ३२. आता थांबा १० मिनिटांचा केला, तर फेरीस ६० मिनिटे पुरतील. एका विमानाच्या १२ फेऱ्या व तीन विमानांच्या ३६ फेऱ्या होतील. विमानाचा वेग तोच राहिला. वाचला तो केवळ उभे राहण्याचा वेळ.

१० मिनिटे कशी साधली?

पहिली गोष्ट, पूर्वतयारी. विमान येण्याआधीच सामान चढविणारे व इंधन भरणारे आपापल्या जागी सज्ज असत. दुसरी गोष्ट, परस्पर साहाय्य. 'हे माझे काम नव्हे' असे म्हणून कोणी बाजूस राहत नसे. प्रवासी उतरत असतानाच विमानातील सेवक आतील आवराआवर करू लागत. तिसरी गोष्ट, साधेपणा. प्रवाशांना क्रमांकाच्या जागा नव्हत्या, जेवणही नव्हते. त्यामुळे चढण्यास व साफसफाईस वेळ थोडा लागे. चौथी गोष्ट, एकाच जातीचे विमान. कंपनीने प्रायः बोइंग ७३७ हीच विमाने वापरली. सुटे भाग एकाच प्रकारचे ठेवावे लागत आणि कारागिरांचे व वैमानिकांचे शिक्षणही एकाच यंत्राचे असे.

रिकाम्या फेरीचाही कंपनीने उपयोग केला. शुक्रवारी रात्री दुरुस्तीसाठी एक विमान ह्यूस्टनहून डॅलसला रिकामे न्यावे लागे. १९७१ च्या नोव्हेंबरात त्या फेरीचे तिकीट अवघे १० डॉलर ठेवण्यात आले आणि त्यास प्रवाशांचा चांगला प्रतिसाद मिळाला. १९७३ साली कंपनीस पहिला नफा झाला. तेव्हापासून २०१९ पर्यंत तिला एकाही वर्षी तोटा आला नाही. करोनाच्या साथीने २०२० साली ही परंपरा खंडित झाली.

दुसरी बाजू

थांबा कमी करणे हे अर्धेच शहाणपण होय. २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेत कडाक्याच्या थंडीचे वादळ आले. इतर कंपन्यांचा कारभार काही दिवसांत सुरळीत झाला. या कंपनीचा मात्र कोलमडला. कोणता वैमानिक व कोणते सेवक कोठे अडकले आहेत, याची नोंद ठेवणारी व्यवस्था जुनी होती, ती या गोंधळास पुरी पडली नाही. विमाने होती, माणसेही होती. पण त्यांची गाठ घालता येईना. सुमारे १६ हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि ऐन नाताळात लाखो प्रवासी खोळंबले. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने कंपनीवर १४ कोटी डॉलरचा दंड बसविला. काम जितके घट्ट बांधलेले, तितकी त्यामागची नोंद चोख व राखीव सोय तयार असावी लागते.

गावातील उपयोग

सहकारी संस्थेचा ट्रॅक्टर किंवा मळणीयंत्र यांनाही हाच नियम लागू पडतो. ग्रामसेवकांनी व संस्थेच्या चालकांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात :

१. लागून असलेल्या शेतांची कामे एकापाठोपाठ घ्यावीत, म्हणजे यंत्राची व्यर्थ धावाधाव वाचते.
२. यंत्र येण्यापूर्वी शेतकऱ्याने दगडधोंडे व काट्याकुट्या काढून ठेवाव्यात. डिझेलचीही तजवीज आधी असावी.
३. शेतात खत टाकून परतणारी ट्रॉली शक्यतो रिकामी आणू नये.
४. यंत्र किती तास चालले व किती तास उभे राहिले, का उभे राहिले, याची नोंद रोज करावी.
५. पट्टा व इतर लवकर झिजणारे भाग जवळ ठेवावेत, पर्यायी चालक शिकवून ठेवावा आणि पेरणीच्या घाईतही आठवड्यातील काही वेळ दुरुस्तीसाठी मोकळा राखावा.

नवे यंत्र घेण्यासाठी कर्ज काढण्यापूर्वी संस्थेने ही नोंदवही एकवार उघडून पाहावी. पुष्कळदा हवे असलेले दुसरे यंत्र पहिल्या यंत्राच्या थांब्यातच सापडते.