टायर बदलताना : इंधनाची बचत आणि पावसाळ्यातील पकड

इंधनाच्या बचतीचा विचार आपल्याकडे बहुधा इंजिनाभोवतीच फिरतो. इंजिनाची निगा, वेगमर्यादा, निष्कारण चालू ठेवलेले वाहन यांविषयी पुष्कळ सांगितले जाते. टायरची आठवण मात्र तो पंक्चर झाला किंवा गुळगुळीत झाला म्हणजेच होते. वस्तुतः इंजिनाची सर्व शक्ती रस्त्यावर पोहोचते ती चार टायरांच्या, प्रत्येकी सुमारे तळहाताएवढ्या भागातून. त्या भागात काय घडते यावर वाहन किती इंधन खाईल हे काही अंशी ठरते आणि भर पावसात ते किती अंतरात थांबेल हे फार मोठ्या अंशी ठरते.

विद्युत मोटर आणि पेट्रोल इंजिन यांच्या जोडीवर चालणाऱ्या हायब्रीड मोटारी भारतात नव्या नाहीत. होंडा कंपनीची सिव्हिक हायब्रीड २००८ मध्ये आणि टोयोटाची प्रियस २०१० मध्ये येथे आली. परंतु त्यांच्या किमती सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर होत्या. २०२२ मध्ये मारुती, टोयोटा व होंडा या कंपन्यांनी तुलनेने स्वस्त हायब्रीड गाड्या बाजारात आणल्या आणि हे वाहन जिल्ह्याच्या गावीही दिसू लागले. त्या वेळी घेतलेल्या गाड्यांचे मूळ टायर आता झिजत आले आहेत. कमी इंधन खाणारी गाडी म्हणून जी घेतली, तिला टायर कोणते घालावेत, हा प्रश्न त्यामुळे रत्नागिरीसारख्या जिल्ह्यातही उभा राहिला आहे.

टायर इंधन कसे खातो

टायर फिरताना त्याचा जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि वर जाताच पूर्ववत होतो. रबर दबताना जेवढी शक्ती घेते तेवढी सगळी परत देत नाही. उरलेली शक्ती उष्णता होऊन नाहीशी होते. लांबच्या प्रवासानंतर टायर हाताला गरम लागतो तो प्रामुख्याने यामुळेच. या अडथळ्याला लोटनरोध म्हणता येईल. साधारण मोटारीच्या इंधनापैकी सुमारे एक पंचमांश भाग लोटनरोधावर मात करण्यात खर्च होतो असे मानले जाते. साधारण प्रतीच्या टायरचा लोटनरोध दर टन वजनामागे १० किलोच्या आसपास असतो, तर चांगल्या इंधनबचतीच्या टायरचा ७ ते ८ किलो. लोटनरोध १० टक्क्यांनी घटला तर इंधनात १ ते २ टक्के बचत होते, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

हायब्रीड मोटारीत या गोष्टीला अधिक महत्त्व येते. ब्रेक लावताना साध्या मोटारीत वाया जाणारी शक्ती हायब्रीड मोटार विजेच्या रूपाने बॅटरीत साठवते व पुन्हा वापरते. टायरमध्ये उष्णता होऊन गेलेली शक्ती मात्र कोणत्याही यंत्राने परत मिळत नाही. म्हणूनच हायब्रीड मोटारींना कारखान्यातून बहुधा कमी लोटनरोधाचे टायर बसवलेले असतात. झिजल्यावर त्यांच्या जागी केवळ स्वस्त म्हणून दुसरे टायर घातले, तर ॲव्हरेज घटते आणि दोष इंजिनाला किंवा बॅटरीला दिला जातो.

तीन गुणांचा मेळ

मग सर्वांत कमी लोटनरोधाचा टायर घ्यावा आणि मोकळे व्हावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु येथेच सावध राहावयास हवे. टायरकडून तीन गुणांची अपेक्षा असते : तो हलका फिरावा, ओल्या रस्त्यावर घट्ट धरावा आणि पुष्कळ दिवस टिकावा. हे तीन गुण एकमेकांचे सोबती नव्हेत. रबर जेवढे कमी शक्ती गिळेल तेवढा टायर हलका फिरतो. पण ओल्या डांबरावर पकड निर्माण होते तीही रबराच्या शक्ती गिळण्यातूनच. टायरच्या खाचा उथळ ठेवून लोटनरोध कमी करता येतो. पण मग टायर लवकर संपतो आणि पाणी बाहेर टाकण्याची त्याची शक्तीही लवकर क्षीण होते.

या कोंडीतून वाट निघाली ती रबराच्या मिश्रणात काजळीच्या जागी बऱ्याच प्रमाणात सिलिका वापरल्यामुळे. मिशेलिन या फ्रेंच कंपनीने १९९२ मध्ये अशा मिश्रणाचा टायर बाजारात आणला. चाक फिरताना रबराचे दबणे सावकाश असते, तर रस्त्याच्या बारीक खडबडीतपणामुळे रबराच्या पृष्ठभागात होणारी थरथर अतिशय जलद असते. सिलिकायुक्त रबर सावकाश दबण्यात कमी शक्ती गिळते आणि जलद थरथरीत मात्र पुरेशी गिळते. त्यामुळे इंधनबचत व ओली पकड हे दोन्ही गुण एकत्र मिळू शकतात. अर्थात अशा टायरची किंमत अधिक असते. आणि इंधनबचतीचा म्हणून विकला जाणारा प्रत्येक टायर पकडीतही चांगला असतोच असे नाही.

रत्नागिरीचा पाऊस आणि घाट

आता आपल्या परिस्थितीकडे वळू. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जांभ्याची लाल माती पाण्याबरोबर रस्त्यावर येते आणि डांबरावर तिचा निसरडा थर बसतो. पश्चिम महाराष्ट्राकडे जावयाचे तर कोल्हापूरच्या वाटेवर आंबा घाट आणि कराडच्या वाटेवर कुंभार्ली घाट ओलांडावा लागतो. जिल्ह्यातील इतर रस्तेही खाडीकडे उतरणारे आणि लगेच सड्यावर चढणारे असेच आहेत.

घाटात लोटनरोधाचे महत्त्व किती उरते, हे एका हिशेबाने कळेल. प्रवाशांसह दीड टन वजनाच्या मोटारीला दर टनामागे १० किलोऐवजी ८ किलो लोटनरोधाचे टायर घातले, तर वाचणारा जोर ३ किलोचा. तीच मोटार दर २० मीटरला १ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर असेल, तर केवळ चढणीसाठी लागणारा जोर ७५ किलोचा. म्हणजे टायरची बचत सपाट महामार्गावर एकसारख्या वेगाने जाताना जाणवेल. घाटात ती एकूण खर्चाच्या मानाने क्षुल्लक ठरेल. पकडीची कसोटी मात्र नेमकी घाटातच लागते. कोयनानगरकडून चिपळूणकडे उतरताना बॅटरी पूर्ण भरली, म्हणजे हायब्रीड मोटारीचे वीज साठवणारे ब्रेकही फारसे उपयोगी पडत नाहीत. मग इंजिनाचा रोध, नेहमीचे ब्रेक आणि शेवटी टायरची पकड यांवरच भिस्त राहते.

युरोपात २०१२ पासून टायरवर इंधनबचत व ओली पकड यांची श्रेणी छापणे बंधनकारक आहे. त्या वेळच्या श्रेणींनुसार सर्वोत्तम व सर्वांत कनिष्ठ टायर यांच्यात इंधनाचा फरक साडेसात टक्क्यांपर्यंत, तर ओल्या रस्त्यावर थांबण्याच्या अंतरातील फरक ३० टक्क्यांपर्यंत सांगितला जात असे. साडेसात टक्के इंधन हा पैशाचा प्रश्न आहे. ३० टक्के अंतर हा समोरून रस्ता ओलांडणाऱ्या शाळकरी मुलाच्या जिवाचा प्रश्न आहे.

बचतीचा प्रत्यक्ष हिशेब

एखादी हायब्रीड मोटार वर्षाला १५,००० किलोमीटर धावते आणि लिटरला २० किलोमीटर जाते असे धरू. तिला वर्षाला ७५० लिटर पेट्रोल लागेल. चांगल्या टायरमुळे ३ टक्के बचत झाली तर ती साडेबावीस लिटरची. पेट्रोलचा भाव १०० रुपये धरल्यास वर्षाला २,२५० रुपये. तीन वर्षांत ही रक्कम पावणेसात हजारांच्या घरात जाते. चार टायरांच्या किमतीतील वाढ यापेक्षा कमी असेल तर सौदा फायद्याचा. अधिक असेल तर केवळ इंधनासाठी तो परवडणारा नाही. गाडीचा वापर याहून कमी असेल, तर बचतही त्याच प्रमाणात कमी होईल.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नवे टायर घातल्यावर ॲव्हरेज कमी झाले, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. टायर त्याच जातीचा असला तरी हे घडते, कारण नव्या टायरवर रबराचा थर जाड असतो आणि जाड थर अधिक शक्ती गिळतो. झिजलेला टायर हलका फिरतो, पण तो पाणी बाहेर टाकू शकत नाही. शिवाय झिजलेल्या टायरचा घेर लहान असल्यामुळे गाडीचा मीटर प्रत्यक्षाहून थोडे अधिक किलोमीटर दाखवतो. २१५/६० आर १७ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६९० मिलिमीटर असतो. त्याचा ६ मिलिमीटर थर झिजला की व्यास १२ मिलिमीटरने घटतो, म्हणजे मीटरवर पावणेदोन टक्क्यांचा फरक पडतो. जुन्या टायरचे चांगले ॲव्हरेज काही अंशी असे भासमान असते. नव्या टायरची परीक्षा पहिल्या महिन्यातच करू नये.

खरेदीपूर्वी काय पाहावे

टायरच्या कडेवरील अक्षरे हा त्याचा परिचय होय. ‘२१५/६० आर १७ ९६ एच’ यातील पहिले तीन भाग मापाचे आहेत. ९६ हा भारांक असून त्याचा अर्थ एका टायरने ७१० किलो भार पेलणे असा होतो. ‘एच’ हे अक्षर ताशी २१० किलोमीटर वेगाची मर्यादा दाखवते. हायब्रीड मोटारीत बॅटरीचे अधिक वजन असते. म्हणून कारखान्याने सांगितलेल्या भारांकाहून कमी भारांकाचा टायर कदापि घेऊ नये. कडेवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आहे ना, हेही पाहावे. चार आकडी खुणेतील पहिले दोन आकडे निर्मितीचा आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर सवलतीत मिळाला तरी नाकारावा.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून २०२२ मध्ये अधिसूचना काढून मोटार, हलकी मालवाहू वाहने तसेच ट्रक व बस यांच्या टायरना लोटनरोध, ओली पकड व आवाज यांची मानके लागू केली. नव्या रचनेच्या टायरसाठी ती १ ऑक्टोबर २०२२ पासून अमलात आली. ऊर्जा दक्षता ब्यूरोने विजेच्या उपकरणांप्रमाणे टायरसाठीही तारांकित लेबलची योजना आखली आहे. दुकानदाराकडे लेबलची चौकशी करावी. परंतु तारे इंधनबचतीचे असतात, हे विसरू नये. ओल्या पकडीची माहिती स्वतंत्रपणे मागावी.

दोनच टायर बदलावयाचे असतील तर नवे टायर मागील चाकांना बसवावेत. ओल्या वळणावर मागची बाजू घसरली तर वाहन आवरणे कठीण जाते. खाचांची खोली १.६ मिलिमीटर उरली की मोटारीचा टायर कायद्याने बाद ठरतो. खाचांच्या तळाशी असलेले लहान उंचवटे पृष्ठभागाला टेकले, म्हणजे ही मर्यादा आली असे समजावे. तथापि कोकणातील पावसाळ्यासाठी ३ मिलिमीटर खोली उरली असतानाच, आणि तेही मे महिन्यात, टायर बदलणे शहाणपणाचे ठरेल.

बिनखर्चाची बचत

या सर्वांहून सोपा उपाय हवेच्या दाबाचा आहे. दाब एका पौंडाने कमी झाला तर इंधनाचा खर्च सुमारे ०.२ टक्क्याने वाढतो. पाच पौंड हवा कमी असेल, तर महाग टायर घेऊन मिळवलेल्या ३ टक्क्यांपैकी १ टक्का तेथेच गेला. कमी हवेचा टायर कडांनी झिजतो आणि साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. चालकाच्या दाराजवळील पट्टीवर छापलेला दाब प्रमाण मानावा. तो टायर थंड असताना, निदान महिन्यातून एकदा तपासावा आणि स्टेपनीची हवाही पाहावी. ॲव्हरेज वाढावे म्हणून ठरलेल्या दाबाहून पुष्कळ अधिक हवा भरणे मात्र चुकीचे आहे. त्याने जमिनीला टेकणारा भाग घटतो व पकड कमी होते.

हे विवेचन केवळ खासगी मोटारींपुरते नाही. शासकीय कार्यालयांची वाहने, रुग्णवाहिका आणि शाळेच्या बस यांचे टायर बहुधा सर्वांत कमी दराच्या निविदेवर घेतले जातात. निविदेच्या अटींत माप व किंमत यांबरोबर ओल्या पकडीचे मानक, लोटनरोध आणि निर्मितीचा आठवडा यांचा उल्लेख केला, तर कमी दराच्या नावाखाली निकृष्ट माल गळ्यात पडणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या मे महिन्याच्या बैठकीत बसच्या टायरची खोली मोजून नोंद घेणे कोणत्याही शिक्षकाला किंवा पंचायत सदस्याला जमण्यासारखे आहे.

इंधनाची बचत हे राष्ट्रीय कर्तव्य आहे यात शंका नाही. परंतु टायरच्या बाबतीत तिचा क्रम दुसरा आहे. प्रथम ओल्या रस्त्यावरील पकड पाहावी. त्या कसोटीस उतरलेल्या टायरांतून हलका फिरणारा निवडावा आणि त्यातील हवा नियमाने राखावी. हा क्रम पाळला तर पेट्रोल वाचेल आणि घाट उतरणारी माणसेही सुखरूप घरी पोहोचतील.