इन्व्हर्टरची मांडणी आणि रेडिओतील खरखर

गेल्या वर्षी चैत्र सरता सरता आमचा उन्हाळी कांदा काढून शेतातच पसरला होता. सायंकाळी वीज गेली. घरात नुकताच बसविलेला इन्व्हर्टर सुरू झाला, दिवे लागले. पण हवामानवृत्तासाठी रेडिओ लावावा, तो खरखरीवाचून काहीच कानी पडेना. मोबाइल आहे म्हणावे, तर वीज गेली की आमच्याकडचा टॉवरही थोड्याच वेळात मुका होतो. मध्यरात्री वळवाने गाठले व निम्मा कांदा भिजला. पावसाची सूचना वृत्तात दिली होती, हे शेजाऱ्यांकडून दुसरे दिवशी कळले.

दोष रेडिओचा असावा असे प्रथम वाटले. तो तसा नव्हता. बॅटरीतील एका दिशेचा प्रवाह उलटसुलट वाहणारा करताना इन्व्हर्टरमधील स्विचे सेकंदास हजारो वेळा झटक्याने उघडतात व मिटतात. ह्या झटक्यांतून मूळ वेगाच्या अनेक पटींच्या लहरी उठतात आणि ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झच्या मध्यम लहरींच्या पट्ट्यात येऊन पडतात. ‘साईन वेव्ह’ असे लिहिलेले यंत्र पंख्यास व मोटारीस चांगले खरे, पण तेवढ्यावरून ते रेडिओसही निरुपद्रवी आहे असे समजू नये.

खरखर कोठून येते हे पाहण्यास रेडिओ सेलवर चालवून घरभर फिरवावा. आमच्याकडे ती बॅटरीच्या तारांपाशी सर्वांत मोठी होती. बॅटऱ्या पडवीत, यंत्र माजघरात, आणि मधल्या दोन तारा मिस्त्रीने दाराच्या दोन बाजूंनी नेल्या होत्या! म्हणजे चौकटीएवढी एरियलच आम्ही भिंतीवर उभारली होती. यंत्र बॅटऱ्यांशेजारी आणले, तारा दीड हाताच्या ठेवून एकमेकींना पीळ देऊन बांधल्या. तेणेकरून बहुतेक आवाज तेथेच निमाला. यंत्र मात्र बॅटऱ्यांच्या डोक्यावर टांगू नये. आम्लाची वाफ त्यास खाते.

तारा आखूड व जाड असण्याने दुसराही लाभ होतो. २४ व्होल्टवर १००० वॅटचा भार म्हणजे सुमारे ४२ अँपिअर, व यंत्रातील घट धरून ५० च्या आसपास. बारीक तारेत ह्यातील बराच भाग उष्णतेत जातो. आमच्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्या आहेत. दोन-दोन एकसर जोडून त्या जोड्या समांतर केल्या. मुख्य धन तार पहिल्या जोडीवरून व ऋण तार दुसरीवरून घेतली, म्हणजे दोन्ही जोड्या सारख्या झिजतात. धन टोकाजवळच फ्यूज हवा. चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो. यास्तव ती जागा कडब्याच्या खोलीत नसावी, वर झरोका असावा, आणि तेथे बिडी ओढू देऊ नये.

उरलेली खरखर घरातील वायरिंगवाटे येत होती. यंत्राचे लोखंडी खोके अर्थिंगास जोडले व बाहेर निघणाऱ्या तारांवर फेराइटची कडी चढविली. कडीतून दोन्ही तारा एकत्र ओवाव्यात; बॅटरीची एकच तार ओवली तर तिच्या मोठ्या प्रवाहाने कडी चुंबकत्वाने भरून जाते व निरुपयोगी ठरते. पुढे रेडिओ जरा वळवून पाहावा. आतील एरियलची कांडी एका दिशेस खरखर कमी घेते.

आता सायंकाळचे वृत्त ओसरीवर स्वच्छ ऐकू येते. माजघरात, दूरच्या केंद्रावर, किंचित गुणगुण अजून आहे. नवे यंत्र घेणाऱ्याने खिशात लहान रेडिओ घेऊनच दुकानात जावे व भार लावून, यंत्र चालू असता तो जवळ धरून पाहावा. दुकानदार हसेल, हसू द्यावे.