चावी नको, बॉनेट उघडा!

नवी गाडी घेतली की आपल्याकडे तिची पहिली मोठी चक्कर कुठं होते? बरोब्बर, तुळजापूरला! चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, समोर झेंडूचा हार, आरशाला कवड्यांची माळ आणि मग 'आई राजा उदो उदो'. मी तुळजापूरचीच. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाबांचं हळद-कुंकवाचं दुकान. त्यामुळे माझं अर्धं लहानपण दुसऱ्यांच्या नव्या गाड्या बघण्यात गेलं, असं म्हटलं तरी चालेल.

चौथीत असताना एका रविवारी दुकानासमोर एक पिवळी गाडी थांबली. दोन दारांची, बुटकी, रस्त्याला चिकटून बसल्यासारखी. गल्लीतली सगळी पोरं धावली, मीही धावले. पण हात मागे बांधून उभी राहिले. कारण तोवर गाडीवाल्यांकडून एकच वाक्य ऐकलं होतं, 'ए, हात लावू नको!'

गाडीतून उतरलेले काका मात्र हसले आणि म्हणाले, "काय बघालीस गं? इंजिन बघायचंय का?" त्यांनी पुढचं झाकण उघडलं. आत इंजिनच नाही! नुसती रिकामी जागा आणि तिच्यात एक बॅग. आम्ही सगळे गार. "मग गाडी चालते कशावर?" मी विचारलं. काका म्हणाले, "तूच शोध की."

मी शोधलं. इंजिन मागे होतं. पुढे कळलं की ती पोर्शे ९११ होती. हे मॉडेल १९६३ मध्ये पहिल्यांदा जगासमोर आलं आणि मागे इंजिन ही त्याची आजपर्यंतची ओळख आहे. पण त्या दिवशी मला कंपनीचं नाव महत्त्वाचं वाटलंच नव्हतं. एका मोठ्या माणसानं मला उत्तर न देता प्रश्न दिला, हेच डोक्यात राहिलं. त्यांनी आम्हाला चक्कर मारून आणलं नाही. दहा मिनिटं दिली, बस्स. ती दहा मिनिटं मी आजही विसरलेले नाही.

दुसरी बाजूही बघू

आता त्याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीची गोष्ट. १९ मे २०२४ ची पहाट, पुण्यातलं कल्याणीनगर. भरधाव पोर्शेनं दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण आयटी इंजिनिअर्सचा जीव गेला. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असं पोलिसांनी सांगितलं. पुढचं सगळं तुम्ही बातम्यांमध्ये वाचलंच असेल. त्यांच्याही घरी कुणीतरी वाट बघत होतं, एवढं आपण लक्षात ठेवू.

पोराला गाडीचं वेड लावणं आणि पोराच्या हातात चावी देणं, या दोन गोष्टी आपण फार सहज एकत्र करतो. 'आमचा बाळ्या आठवीत आहे, पण गाडी काय चालवतो!' हे वाक्य तुमच्याही नातेवाइकांत कुणीतरी कौतुकानं म्हटलेलं असेल. कायद्याला मात्र हे कौतुक मान्य नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १९९ अ सांगतं की, अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक जबाबदार. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. म्हणजे कॉलेज संपेल, नोकरी लागेल, तरी भाऊ मागच्या सीटवरच!

देवराष्ट्रेची जीप

'पण आमच्याकडे कुठंय स्पोर्ट्स कार?' असं म्हणत असाल तर सांगली जिल्ह्यात चला. कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथले दत्तात्रय लोहार फॅब्रिकेशनचं काम करतात. मुलाला चारचाकी हवी होती आणि खिशात शोरूमचे पैसे नव्हते. मग त्यांनी भंगारातलं सामान जमवून छोटी जीपच बनवली. खर्च साधारण ६० हजार रुपये. स्टिअरिंग डावीकडे आणि स्टार्ट करायला चक्क बाईकसारखी किक!

डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रा यांनी शेअर केला. ही गाडी नियमांत बसत नाही, त्यामुळे आज ना उद्या ती रस्त्यावर अडवली जाईल, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. पण त्याचबरोबर तिच्या बदल्यात बोलेरो देण्याची तयारीही दाखवली. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो लोहार कुटुंबाच्या दारात आली.

बातम्या बोलेरोवर संपल्या. मला मात्र त्या आधीचे दिवस महत्त्वाचे वाटतात. ज्या पोरानं आपल्या बापाला पत्रा कापताना आणि वेल्डिंग करताना बघितलं, त्याला गाडी ही फक्त विकत घ्यायची वस्तू नसते, ती बनवताही येते, हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

मग वेगाचं काय?

वेगाची मजा असतेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण तिची जागा ठरलेली आहे. मुंबईचा जेहान दारूवाला लहानपणी कार्टिंग करायचा. ट्रॅकवर, हेल्मेट घालून, प्रशिक्षकाच्या नजरेखाली. २०११ मध्ये फोर्स इंडियाच्या 'वन फ्रॉम अ बिलियन' शोधमोहिमेत निवडलेल्या तिघांत तो होता. २०२० मध्ये बहरीनच्या साखीर ट्रॅकवर त्यानं फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. त्याचा वेग घडला तो ट्रॅकवर. सोलापूर हायवेवर रात्री एक वाजता रील बनवताना नव्हे!

आणि फक्त बघायचं असेल तर मुंबईत हॉर्निमन सर्कलला जुन्या गाड्यांची रॅली निघते, तेव्हा जाऊन या. बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं आणि त्यांना कौतुकानं माहिती सांगणारे पांढऱ्या केसांचे मालक, दोघांचे चेहरे सारखेच दिसतात.

तुमची पाळी

हे सगळं तुम्हाला का सांगतेय? कारण त्या पिवळ्या गाडीवाल्या काकांच्या जागी आता तुम्ही आहात. तुमच्यातले कितीतरी जण इंजिनिअरिंगला आहेत. बाहा आणि फॉर्म्युला स्टुडंटसारख्या स्पर्धांसाठी पोरं-पोरी रात्र रात्र वर्कशॉपमध्ये जागून गाडी उभी करतात. आयआयटी मुंबईच्या रेसिंग टीमनं तर स्वतः बनवलेली इलेक्ट्रिक रेसिंग कार थेट ब्रिटनच्या सिल्व्हरस्टोनला नेली. अशी गाडी स्पर्धेहून परत आली की ती शेडमध्ये धूळ खात ठेवू नका. जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरांना एक दिवस बोलवा. गाडी नसेल तर बाईक आहे, तीही नसेल तर सायकलची चेन आणि गिअर आहेत. दाखवायला तेवढं पुरे.

गाडी दाखवताना एवढं पाळा

• इंजिन बंद, हँडब्रेक वर आणि चावी तुमच्या खिशात.
• सायलेन्सर आणि इंजिन आधी थंड होऊ द्या. पोरं सगळ्यात आधी तिथंच हात लावतात.
• चालत्या गाडीत लेकराला मांडीवर घेऊन स्टिअरिंग धरायला देऊ नका. एअरबॅग जोरात उघडते आणि मध्ये लेकरू असतं.
• 'टॉप स्पीड किती?' हा प्रश्न येणारच. उत्तर द्या, पण लगेच 'थांबायला किती अंतर लागतं?' हे त्यांना विचारा.
• पोरींना मागे उभं राहू देऊ नका. पुढे बोलवा.

त्या रविवारी मी घरी जाऊन बाबांच्या जुन्या स्कूटरचं इंजिन शोधलं. बाजूचं झाकण काढलं, हात काळे झाले, बोलणी बसली. दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतःच पाना हातात दिला.

येत्या सुट्टीत तुमच्या गाडीभोवती गल्लीतली पोरं जमली, तर 'हात लावू नको' म्हणायच्या आधी थोडं थांबा. त्यातली एखादी हात मागे बांधून उभी असेल. तिला विचारा, "काय बघालीस गं?"